अमडापूर ते स्पॅनिश अध्यापन : अल्प खर्चाचा मार्ग

स्पॅनिश ही २० देशांची अधिकृत भाषा. अमडापूरसारख्या गावातील विद्यार्थ्यालाही तिचा अध्यापक होता येते. मात्र, पालकांची बचत खासगी वर्गांवर खर्च करण्याआधी शासकीय संस्थांचा विचार करावा.

पदवी : दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ व हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ येथे स्पॅनिशमध्ये बी. ए. (ऑनर्स) करता येते. दोन्ही केंद्रीय विद्यापीठे असल्याने शुल्क माफक असते. 'जेएनयू'तील प्रवेश 'सीयूईटी' परीक्षेतून होतो. बारावीला स्पॅनिश असण्याची अट नाही. खरा खर्च राहण्या-जेवणाचा असल्याने वसतिगृह व शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरावेत.

अध्यापनाची पात्रता : महाविद्यालयासाठी एम. ए. नंतर 'नेट' परीक्षा असते. तीत स्पॅनिश हा स्वतंत्र विषय आहे. शाळांमध्ये सहसा बी. एड. ची अपेक्षा असते. सर्व्हान्तेस संस्थेची 'डेले' परीक्षा भाषाप्रावीण्याचा पुरावा देते. पण ती अध्यापनाच्या पदवीला पर्याय नव्हे.

दूर जाणे शक्य नसल्यास 'इग्नू'च्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाने आधी आवड पारखावी. अर्जापूर्वी चालू वर्षाची माहितीपुस्तिका अवश्य वाचावी.