रात्रपाळीचा हिशेब

1872 साली जपानच्या गुन्मा प्रांतात, तोमिओका गावी, सरकारने रेशमाची गिरणी उभारली. यंत्रे फ्रान्सची, देखरेखीला पॉल ब्रुना हा फ्रेंच तंत्रज्ञ, इमारत पक्क्या विटांची. सगळी जय्यत तयारी झाली, पण कामाला मुली मिळेनात. हे गोरे लोक तांबडी वाइन पितात हे कुणीतरी पाहिले आणि ते माणसांचे रक्त पितात अशी आवई उठली. आईबाप पोरींना धाडायला धजावेनात. शेवटी गिरणीचे पहिले व्यवस्थापक ओदाका आत्सुतादा यांनी स्वतःच्या मुलीचे, यूचे, नाव सर्वांत आधी नोंदवले, तेव्हा कुठे बाकीच्यांना धीर आला.

पुढच्याच वर्षी मात्सुशिरोहून वादा एई नावाची सामुराई घराण्यातली तरुणी इथे आली. तोमिओकातल्या दिवसांच्या तिने उतारवयात लिहिलेल्या आठवणी जपानमध्ये आजही वाचल्या जातात. दिवसाला साधारण आठ तास काम, रविवारी सुट्टी, आवारातच डॉक्टर असा तिथला थाट होता. मुलींनी कसब शिकावे आणि आपापल्या मुलखात जाऊन इतरांना शिकवावे, अशी सरकारची योजना होती. एईनेही परतल्यावर गावाकडच्या नव्या गिरणीत तेच केले.

यंत्रे गावोगाव पोहोचली, आठ तास मात्र तोमिओकातच राहिले. आदर्श गिरणी तोट्यात चालली आणि 1893 मध्ये सरकारने ती मित्सुई घराण्याला विकली. तोवर नागानो प्रांतात सुवा तलावाकाठी, ओकायाच्या आसपास, खासगी गिरण्यांची दाटी झाली होती. हिदाच्या डोंगरी खेड्यांतल्या मुली 1,672 मीटर उंचीची नोमुगी खिंड पायी ओलांडून तिथे येत.

कामाला येण्याआधी करार होई आणि त्यावर शिक्का बापाचा असे. उचलही त्याच्याच हातात पडे. मुलगी ती फेडत राही आणि मध्येच सोडून गेली तर घरच्यांवर भरपाईचा बोजा येई. गिरणीत गेल्यावर तिची जागा उकळत्या पाण्याच्या कुंडीपाशी. पाण्यात तरंगणाऱ्या कोषांची टोके शोधायची, चार-पाच तंतू एकत्र करून एक धागा ओढायचा, एक कोष संपत आला की धागा बारीक व्हायच्या आत दुसरा जोडायचा. दिवसभर पाण्यात राहून बोटे पांढरीफटक पडत, कातडी सोलवटे. संध्याकाळी धाग्याची जाडी, चमक आणि कोषांमागे निघालेले रेशीम तपासून प्रत्येकीचा दर्जा ठरे. मजुरीची एकूण रक्कम मालकाने आधीच बांधलेली असल्यामुळे एकीला बक्षीस मिळायचे ते दुसरीच्या कापलेल्या पैशांतून.

याच रेशमाच्या जोरावर 1909 च्या सुमारास जपानने चीनला मागे टाकले आणि तो जगातला सर्वांत मोठा रेशीम निर्यातदार झाला. यंत्रसामग्री आणि युद्धनौका विकत घ्यायला लागणारे परकी चलन मोठ्या प्रमाणावर या मुलींच्या हातून आले.

सुताच्या धंद्याची गोष्ट थोडी वेगळी, आणि तिचा एक धागा मुंबईला येऊन भिडतो. उद्योजक शिबुसावा एइची यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ओसाका कापूस गिरणी 1883 मध्ये सुरू झाली. महागडी यंत्रे रात्री बंद ठेवणे परवडत नाही म्हणून तिथे दोन पाळ्या लागल्या. तेलाच्या दिव्यांनी आगीचा धोका होता, तेव्हा 1886 मध्ये विजेचे दिवे आले. त्या उजेडात रात्रभर चात्यांपुढे उभ्या राहिल्या त्या बहुतेक मुलीच. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीची मुंबई-जपान बोटसेवा सुरू झाली, हिंदुस्थानी कापूस स्वस्तात जाऊ लागला आणि 1897 पर्यंत जपानची सुताची निर्यात आयातीच्या पुढे गेली. चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला ओसाकाच्या सुताने मागे रेटले.

इकडे गिरणगावात चात्यांवर मुख्यतः पुरुष असत आणि बायका रीलिंग-वाइंडिंग खात्यांत. हिंदुस्थानच्या 1891 च्या कारखाना कायद्याने बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली होती. जपानने कारखाना कायदा केला तो 1911 मध्ये, लागू केला 1916 मध्ये, आणि बायकांच्या रात्रपाळीवरची बंदी गिरणीवाल्यांच्या सोयीसाठी पुढे ढकलली ती थेट 1929 पर्यंत. जपानी बायकांकडून रात्री काम करून घेतात, ही स्पर्धा न्याय्य नाही, असे गाऱ्हाणे मुंबईचे गिरणीमालक मांडत आणि 1927 च्या टॅरिफ बोर्डाच्या अहवालात त्याची दखल घेतली गेली. त्या मुलींची एवढी कळकळ सुताच्या भावामुळेच वाटत होती, हे वेगळे सांगायला नको.

मुली मुकाट्याने सोसत होत्या असेही नाही. 1886 मध्ये कोफू शहरातल्या आमेमिया रेशीम गिरणीत शंभराच्या आसपास बायकांनी काम बंद पाडले आणि त्या एका देवळात जाऊन बसल्या. मालकांनी संघ करून कामाचे तास वाढवले आणि मजुरी घटवली, हे कारण. कारखान्यातल्या कामगारांचा हा जपानमधला पहिला संप मानला जातो. पुढे 1900 च्या पोलीस कायद्याने बायकांना राजकीय पक्षात शिरायला आणि राजकीय सभांना जायलाही मनाई केली. सभेची बंदी उठली 1922 मध्ये.

मुली राहत त्या गिरण्यांच्या वसतिगृहांचे दरवाजे मात्र बंदच असत. एकाच अंथरुणावर दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या मुली आळीपाळीने झोपत. क्षय झपाट्याने पसरे. आजारी मुलींना घरी पाठवले जाई आणि त्यांच्याबरोबर रोगही खेड्यात जाई, हे डॉक्टर इशिहारा ओसामू यांनी 1913 मध्ये आकडेवारीनिशी दाखवून दिले.

गिरणीतच राबलेल्या होसोई वाकिझो यांनी 1925 मध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या हालांवर पुस्तक लिहिले. ते लिहून होईपर्यंत घर चालवले ते त्यांच्या जोडीदार तोशिओ यांनी. त्याही गिरणी कामगार. पुस्तकातला पुष्कळसा तपशील त्यांच्याच अनुभवातला. पुस्तक निघाले आणि महिनाभरातच होसोई वारले. लग्नाची सरकारी नोंद नसल्यामुळे पुस्तकाच्या मानधनावर तोशिओंना हक्क सांगता आला नाही. आपली बाजू त्यांनी स्वतःच्या पुस्तकात मांडली ती 1980 मध्ये.

महायुद्धानंतरच्या 1947 च्या श्रम मानक कायद्याने समान वेतनाचे कलम आणले, मासिक पाळीची रजा दिली आणि परिचारिकांसारखे अपवाद वगळता बायकांच्या रात्रीच्या कामावर बंदी घातली. ज्या बंदीसाठी मागच्या पिढ्या झगडल्या, तीच आता कंपन्यांच्या सोयीची ठरू लागली. रात्री थांबता येत नाही, म्हणून बढतीच्या जागी बाई नको. लग्न होताच राजीनामा लिहून घेण्याची पद्धत तर 1966 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने बेकायदा ठरवली तेव्हा कुठे डळमळली.

1986 मध्ये समान रोजगार संधीचा कायदा लागू झाला. कंपन्यांनी त्यावर उपाय शोधला दोन रांगांचा. एक रांग बढती आणि बदल्यांची, तिच्यात बहुतेक पुरुष. दुसरी कारकुनी कामाची, तिच्यात बायका. 1999 मध्ये रात्रपाळीवरची बंदी उठली, रांगा तशाच राहिल्या. मे 2024 मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयात असाच एक खटला निकाली निघाला. एका कंपनीत घरभाड्याची भरघोस मदत फक्त पहिल्या रांगेला मिळे, आणि त्या रांगेत जवळजवळ सगळे पुरुष होते. हा आडमार्गाने केलेला लिंगभेद आहे, असे ठरवून न्यायालयाने खटला भरणाऱ्या कर्मचारी स्त्रीला भरपाई देण्याचा आदेश दिला.