तीस पैशांचे बुवा

1973 चा उन्हाळा. नाशिकरोडला टपाल तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसचा भोंगा होतो आणि सायकलींच्या लोंढ्याबरोबर तुम्हीही फाटकातून आत शिरता. इथं अंगझडतीतून कुणाची सुटका नाही. पण तुम्ही पन्नास वर्षं पुढून आलेले, तुम्हाला अडवणार कोण?

आत शाईचा उग्र दर्प. टेबलावर चित्रात गवई विष्णू दिगंबर पलुसकर, म्हणजे बुवा, आहेत, तिकिटाच्या कितीतरी पट मोठे. हे चित्र फोटोतून लहान होत जिलेटिनच्या कागदावर उतरतं, कागद तांब्याच्या रुळावर चिकटतो आणि रसायन तांबं खायला लागतं. सावली जितकी गडद, तितका खड्डा खोल. रूळ शाईत फिरतो, पोलादी पातं वरची शाई पुसून काढतं. खड्ड्यात उरते तेवढीच कागदावर येते. काम यंत्राचं, हे खरं. पण भिंग लावून रुळावर वाकलेल्या त्या कारागिराकडे बघा. एक ठिपका जास्त खोल गेला, तर बुवांच्या गालावर हजारो वेळा डाग उमटेल.

आता आणखी मागे चला. 1920 च्या दशकातली पंचवटी, रामनाम आधार आश्रम. बुवांच्या मुंबईतल्या गांधर्व महाविद्यालयाची इमारत कर्जापायी गेली आणि ते इथं येऊन रामनामात रमले. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, ते कायमचे. तरी याच माणसानं गुरूच्या गळ्यातलं गाणं कागदावर यावं म्हणून स्वरलिपीची पुस्तकं काढली, त्यासाठी स्वतःचा छापखाना घातला! त्यांचा चेहरा नाशकातच छापला जावा, हे मला तरी उचित वाटतं.

जन्मशताब्दी 1972 मध्येच झाली. तिकीट निघालं 21 जुलै 1973 ला. सरकारी घड्याळ. सोबत कवी मायकेल मधुसूदन दत्त, कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे हॅन्सन आणि चक्क कोपर्निकस.  पण संगीतज्ञांच्या बाबतीत आपलं टपालखातं तसं मागे नव्हतं. भातखंड्यांचं तर 1961 मध्येच आलं होतं.

घरात जुना अल्बम असेल तर काढा. 30 पैशांचे बुवा भिंगाखाली धरा. रूळ तपासणाऱ्याचं नाव मात्र शोधू नका. तिकिटावर ते छापत नाहीत.