क्रीटचा काशाचा पहारेकरी

ग्रीक पुराणे म्हटली की आपल्यापुढे हर्क्युलीस उभा राहतो, फार तर केसांच्या जागी साप असलेली मेदुसा. तालोस त्या मानाने अगदीच उपेक्षित. पण कामगार चळवळीतल्या माणसाला तो जवळचा वाटतो. कारण तो देव नव्हे, राजा नव्हे, तर नोकर आहे. क्रीट बेटाचा काशाचा पहारेकरी.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ऱ्होड्सच्या अपोलोनियसने आर्गो जहाजाच्या सफरीवर महाकाव्य रचले. त्याच्या चौथ्या सर्गात तालोस भेटतो. झ्यूसने तो युरोपाला बेटाची राखण करण्यासाठी दिला, असे हा कवी सांगतो. दुसरी कथा अशी की, हेफाइस्टस या लोहारदेवाने तो मिनोस राजाला दिला. काम मात्र ठरलेले. दिवसातून तीन वेळा बेटाला फेरी घालायची आणि परके जहाज दिसले की दगड भिरकावायचे. क्रीटचा किनारा सुमारे १००० किलोमीटरांचा. म्हणजे तासाला १२५ किलोमीटरांची धाव! तिन्ही पाळ्या एकट्याच्याच आणि बदलीला कोणी नाही.

त्याचे सगळे अंग काशाचे. आत मानेपासून घोट्यापर्यंत एकच शीर आणि तिच्या तोंडाशी काशाचा खिळा. ही कल्पना हवेतली नव्हे. मेणाचा नमुना करून त्यावर माती लिंपायची, तापवून भोकातून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, ही रीत ग्रीक कारागिरांच्या हातातली होती. ती शीर आणि तो खिळा या कामावरूनच सुचले असावेत, असे काही अभ्यासक म्हणतात. ओतशाळा पाहिलेल्या माणसाला हे सहज पटेल.

आर्गो जहाज किनाऱ्याला लागू लागले तेव्हा जहाजावरच्या मेदेआने तालोसला मारले. अपोलोनियसच्या काव्यात ती त्याला दुरून मंत्राने भुलवते, त्याचा घोटा खडकावर घासतो आणि आतला रस वितळलेल्या शिशासारखा वाहून जातो. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या कथासंग्रहात मात्र एक निराळी हकीकतही आहे, आणि तीच मला अधिक खरी वाटते. तुला अमर करते, असे मेदेआने त्याला वचन दिले आणि तो खिळा उपटला. आता विचार करा. धातूच्या नोकराला अमर होण्याची आशा कशाला? ज्याला आशा आहे त्याला नुसते यंत्र कसे म्हणायचे? पोट नसलेला चाकर घडवायला निघालेल्या कथाकारांनाही त्याच्यात मन घातल्यावाचून राहवले नाही.

ॲरिस्टॉटलने तालोसचे नाव घेतलेले नाही. पण 'राजनीती'च्या पहिल्याच भागात होमरच्या काव्यातल्या, आपोआप चालणाऱ्या हेफाइस्टसच्या तिवयांची आठवण काढून तो म्हणतो की, हत्यारे अशी स्वतःहून काम करू लागली, धोटा आपला आपण विणू लागला, तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही. हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मृत्युपत्रातही गुलामांची वाटणी आणि सुटका नोंदलेली आहे! मार्क्सने १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्या खंडात हेच वचन घेतले आणि उलटा अनुभव दाखवला: धोटा आपोआप चालू लागला आणि मागावरच्या माणसाचा दिवस लांबला.

दक्षिण इटलीतल्या रुव्हो गावी ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमाराचा एक मोठा रंगीत कुंभ जतन केलेला आहे. त्यावर मरणारा तालोस रंगवला आहे. भोवतालची माणसे तांबूस आणि हा पांढुरका, त्यामुळे धातूचा म्हणून लगेच ओळखू येतो. पण शरीर माणसाचेच. पाय ढिले पडलेले, हात लोंबलेले. जहाजावरचे कॅस्टर आणि पोलक्स हे दोघे भाऊ खरे तर त्याचे शत्रू. चित्रकाराने मात्र त्यांच्या हातांवर त्याला अलगद तोललेला दाखवला आहे.