जिवतीच्या कागदावरची राक्षसी

धार-देवासच्या मराठी घरांत श्रावण शेजाऱ्यांपेक्षा पंधरा दिवस उशिरा लागतो. माळव्याचा सावन पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग इकडे आलेल्या कुटुंबांनी पुष्कळ गोष्टींत माळव्याशी जुळवून घेतलं, पंचांगात नाही. शेजारणीचा सावन अर्धा सरला की मराठी घरात भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. खांबातून निघालेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर कृष्ण, हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती आणि पोराबाळांनी वेढलेल्या दोन बाया, जरा आणि जिवंतिका. दुर्वा-आघाड्याची माळ, गूळ-फुटाणे, पुरणाचे दिवे, दर शुक्रवारी मुलांना ओवाळणं हे सगळं सर्वांच्या परिचयाचं आहे.

यातली जरा ही मात्र राक्षसी आहे, आणि तीही महाभारतातली.

सभापर्वातली गोष्ट अशी. मगधाचा राजा बृहद्रथ. त्याच्या दोन राण्यांनी चंडकौशिक ऋषींनी दिलेला एक आंबा अर्धा-अर्धा खाल्ला. दोघींना अर्धं-अर्धं मूल झालं. दायांनी ते तुकडे गुंडाळून चव्हाट्यावर टाकले. तिथे जरा आली. न्यायला सोपं जावं म्हणून तिने दोन्ही तुकडे एकत्र धरले, तर ते सांधले गेले आणि पोराने मूठ तोंडात घालून ढगासारखी गर्जना केली. तिला ते उचलवेना. तिने बाईचं रूप घेतलं आणि मूल राजाच्या हवाली केलं. तोच जरासंध. भीमाने त्याला पुढे कसं चिरलं ते सर्वांना माहीत आहे.

मला ज्याने झपाटलं ते याच प्रसंगातलं तिचं बोलणं. महाभारताच्या प्रचलित पाठात ती राजाला सांगते, की मी घरोघर राहणारी गृहदेवी. जो मला तरुण रूपात, लेकरांसह भिंतीवर काढील त्याच्या घरी भरभराट होईल. आपल्या भिंतीवरचा कागद दुसरं काय आहे? छापखाने आले, भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं, आणि कागद पुन्हा भिंतीवरच गेला.

यावर आक्षेप दोन. पहिला म्हणतो, जरा म्हणजे म्हातारपण आणि जिवंतिका म्हणजे आयुष्य. दोघी मिळून दीर्घायुष्याचा आशीर्वाद. ऐकायला गोड आहे. पण मग जरेला पांढरे केस हवेत, काठी हवी. कागदावर ती तरणीताठी असते, अगदी महाभारताने मागितली तशी. दुसरा आक्षेप वैद्यांचा. जीवंती ही वेल आहे, चरकाने तिला भाज्यांत श्रेष्ठ म्हटलं आहे, बाळंतिणीचं दूध वाढवायला ती देतात. मान्य. पण वेलीवरून देवी झाली असेल तर शेजारी राक्षसी कशाला आली? आणि माळेत वेल सोडून दुर्वा-आघाडाच का?

खरी अडचण वेगळीच आहे. सभापर्वात बाई एक, कागदावर दोन. भागवताच्या नवव्या स्कंधात याच प्रसंगी जरा तुकडे सांधताना खेळत खेळत ‘जीव, जीव’ म्हणते. माझ्या मते जिवंतिका इथेच जन्मली. जरेच्या तोंडचा शब्द तिच्या शेजारी देह धरून बसला. देवाससारख्या गावी, जिथे टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा या दोघी बहिणी मानतात, देवीच्या अशा जोडीचं नवल वाटायला नको.

कुणी याला शब्दांचा खेळ म्हणेल. त्याने शुक्रवारची जिवतीची कहाणी काढावी. राणीला मूल नाही. सुईण एका ब्राह्मणीचं नुकतं जन्मलेलं बाळ पळवून राणीला देते आणि आईपुढे वरवंटा ठेवते. आई श्रावणात शुक्रवार धरते, हिरवं नेसत नाही, तांदळाचं धुवण ओलांडत नाही, पोर असेल तिथे खुशाल असो म्हणून अक्षता उडवते. त्या त्याच्या डोक्यावर पडतात. पुढे सटवीला जिवतीच अडवते. आता दोन्ही कथा शेजारी ठेवा. दोन आया, एक पोर, घात करणारी सुईण आणि पोर जगवणारी तिसरीच बाई. महाभारतात पोर राजवाड्याबाहेर टाकलं जातं, कहाणीत ते राजवाड्यात आणलं जातं. सदरा उलटा केला तरी शिवण तीच राहते.

बौद्धांची हारीतीही याच कुळातली. मुलं खाणारी यक्षी, पुढे बुद्धामुळे मुलांची राखणदार झालेली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती बसली आहे. इत्सिंग हा चिनी प्रवासी सातव्या शतकात लिहितो, की विहारांच्या ओसरीत किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात ती कडेवर मूल आणि भोवती मुलं अशी चितारलेली असते. आणि हारीतीचं गाव राजगृह, म्हणजे जरासंधाचीच राजधानी! कुणी कुणाकडून घेतलं यावर पंडितांनी भांडावं. एकाच गावात राक्षसीला आई करण्याची रीत होती, एवढं मला पुरे आहे.

कागदावरचा कृष्ण मात्र गंमत करतो. जरेने जगवलेल्या पोराने त्याच्या मथुरेवर सतरा स्वाऱ्या केल्या. रुक्मिणीहरणाच्या वेळीही जरासंध शिशुपालाच्या बाजूने हजर होता. ते हरण धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याला, अमका-झमका देवीच्या ठाण्याशी झालं असं तिथले लोक सांगतात. अमरावतीकडचे कौंडिण्यपूरवाले हे ऐकूनही घेणार नाहीत. तरी जिवतीच्या एकाच कागदावर जरा आणि कृष्ण सुखाने नांदतात.

बृहद्रथाने मगधात राक्षसीचा उत्सव करायची आज्ञा दिली, असंही सभापर्व सांगतं. त्याच मुलखात आज बायका मुलांसाठी निर्जळी उपास करतात आणि त्याला जिउतिया म्हणतात. कथा जीमूतवाहन या राजपुत्राची, आणि एका घारीची व कोल्हीची. जरेचं नाव त्यात नाही. माझा कयास असा, की राजपुत्राची कथा वर चढली आणि राक्षसी खाली सरकली. भूक न आवरून मांस खाणारी, उपास मोडून पोरं गमावणारी ती कोल्ही जरेच्याच घराण्यातली.