ईमेलचा पत्ता आणि आपला ‘ळ’

काळे आणि काले ही दोन निरनिराळी आडनावे आहेत, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. परंतु ईमेलच्या पत्त्यात ती रोमन लिपीत लिहिली की दोहोंतील भेद नाहीसा होतो. आपला ‘ळ’ दाराबाहेर कोणी ठेवला? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला १९७१ सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षी अमेरिकेतील केंब्रिज शहरी रे टॉमलिन्सन या अभियंत्याने आर्पानेट या जाळ्यावरून एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये कोणते चिन्ह घालावे? समोरच्या टेलिटाइपच्या कळफलकावर @ होते. व्यापारी हिशेबात त्याचा अर्थ ‘या दराने’. कोणाच्या नावात ते येत नसे. म्हणून तेच निवडले गेले. गंमत अशी की, मल्टिक्स या प्रणालीत हेच चिन्ह दाबले की लिहिलेली सारी ओळ रद्द होई!

त्या कळफलकामागे आस्की ही १९६३ सालची संकेतावली होती. तीत जागा अवघ्या १२८. इंग्रजी अक्षरे, अंक आणि काही चिन्हे एवढ्यांचीच सोय. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल व डेव्हिड क्रॉकर यांनी या टपालाचे नियम प्रसिद्ध केले, तेही याच चौकटीत. तरीही ते नियम आपण समजतो त्याहून उदार आहेत. @ च्या अलीकडे अक्षरे व अंक तर चालतातच. शिवाय अधिक, अधोरेषा, टक्का, प्रश्नचिन्हदेखील चालते. टिंब चालते, मात्र आरंभी नको, अखेरीस नको, लागोपाठ दोन नकोत. आयरिश ‘ओ’ब्रायन’मधील वरचा स्वल्पविरामही नियमाला मान्य आहे, पण कित्येक ठिकाणचे अर्ज तो नाकारतात. राजा उदार, द्वारपाल कठोर, असा हा प्रकार!

पुढे १९९१ साली युनिकोडने आपल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान दिले. फेब्रुवारी २०१२ मध्ये नियम बदलून कोणत्याही लिपीतील पत्त्याला वाट मोकळी झाली, आणि २०१४ साली ‘.भारत’ हे क्षेत्रनाम सुरू झाले. अलीकडील भागाची ६४ बाइटांची जुनी मर्यादा तेवढी राहिली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजून आपल्या वाट्याला २१ चिन्हे येतात. ‘काळे’ चारांतच बसतो.

तेव्हा ‘ळ’ला कोणी द्वेषाने वगळले नव्हते. नियम करणाऱ्यांनी आपल्यासमोरचा कळफलक पाहिला, एवढेच. आज नियमाचे दार उघडे आहे. परंतु पत्र धाडणारे, मधले आणि स्वीकारणारे यंत्र या सर्वांनी ते मान्य केल्याखेरीज पत्र पोहोचत नाही. आपल्याच संस्थांचे अर्ज आपलेच नाव नाकारणार असतील, तर दोष आता दूरच्या केंब्रिजला देता येणार नाही.