रात्री आणलेलं सोनं

प्राचीन चीनमध्ये हान राजवटीत यांग झेन नावाचे विद्वान अधिकारी होऊन गेले. ते बौद्ध नव्हते, कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकवायचे. पन्नाशीला सरकारी सेवेत शिरले. एकदा चांगयी गावी मुक्काम असताना तिथला अधिकारी वांग मी रात्री सोनं घेऊन आला. त्याची शिफारस यांग यांनीच केलेली. अंधार आहे, कोणाला कळणार, असं तो म्हणाला. तुला-मला कळलंय की, असं म्हणून यांगनी त्याला परत धाडलं. मुलं-नातवंडं भाजीपाल्यावर राहत, पायी चालत. पोरांसाठी काही करून ठेवा, असं लोक सांगत. स्वच्छ अधिकाऱ्याची पोरं हे नाव हीच त्यांची इस्टेट, असं यांग म्हणत. दरबारातल्या लाडक्या मंडळींना असा माणूस कसा चालणार? इ. स. १२४ मध्ये पद गेलं. गावी परतताना त्यांनी विष घेतलं. मुलगा यांग बिंग १६२ मध्ये बापाच्याच मोठ्या पदावर बसला, आणि तोही तसाच निघाला.