सोलापूरचा माळ आणि माळढोक

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर नान्नज गाव येते. हे गाव दोन गोष्टींनी गाजले. एक द्राक्षे. सोनाका नावाचे लांबट मण्यांचे वाण याच गावच्या नानासाहेब काळे यांच्या बागेत निपजले. दुसरी गोष्ट माळढोक पक्षी. या दोघांचे एका शिवारात कसे जमले, किंवा का जमले नाही, ते आज सांगायचे आहे.

माळढोक पाहिलेली माणसे आता थोडीच उरली, म्हणून आधी त्याची ओळख. उभा राहिला की मीटरभर उंच. पूर्ण वाढलेला नर बारा-पंधरा किलोंपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढा जड पक्षी जगात विरळाच. मादी पावसाळ्याच्या दिवसांत उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. घरटे म्हणाल तर काडीसुद्धा नाही! सत्तावीस दिवस उबवायचे, आणि तेवढ्या दिवसांत कुत्रे, कोल्हे, कावळे, मेंढरांचे खूर, सगळे चुकवायचे.

पूर्वी हा पक्षी दख्खनच्या माळांवर मुबलक होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज अंमलदाराने एकट्या अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने, बरं का! बंदुकीने थवे मोडले, यात शंका नाही. तरीही पक्षी आणखी दीडशे वर्षे तग धरून राहिला, कारण त्याच्या पायाखालचा माळ शाबूत होता.

हा माळ म्हणजे काय? आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. मुरमाड जमिनीवर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते उगवावीत, धनगरांनी मेंढरे चारावीत, काळविटांनी उड्या माराव्यात आणि लांडग्याने दोघांवरही डोळा ठेवावा. सरकारी कागदाने मात्र या सगळ्याला एकच शब्द दिला : पडीक. या एका शब्दाने माळाचे जेवढे नुकसान केले, तेवढे दुष्काळानेही केले नसेल.

दुष्काळाने तर उलटेच केले. १९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला. जमिनीचे तुकडे कुंपण घालून राखले गेले आणि तिथे गवत माजले. नान्नजच्या अशा तुकड्यांत माळढोक वावरतो, हे सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी त्याच दशकात लोकांपुढे आणले. १९७९ साली अभयारण्य झाले. पुढे १९८०च्या दशकात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी इथल्या पक्ष्यांचा अभ्यास केला.

आता त्याच्या खाण्याकडे वळू. पण त्याआधी एक दूरचे उदाहरण घेतो. उत्तर ध्रुवाकडचे पांढरे अस्वल समुद्रात थिजलेल्या बर्फावर उभे राहून सील धरते. सील म्हणजे अंगात चरबीचा जाड थर असलेला जलचर. बर्फातल्या भोकातून तो श्वास घ्यायला वर आला की अस्वल झडप घालते. उघड्या पाण्यात हे जमत नाही. हवा तापत चालल्यामुळे बर्फ लवकर फुटतो, आणि अस्वलाला किनाऱ्यावर उपाशी बसावे लागते. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिमेला २०१६ साली अदमासे ८४२ अस्वले होती, ती २०२१मध्ये ६१८वर आली. तिथल्या वीस अस्वलांवर किनाऱ्यावरच्या मुक्कामात पाळत ठेवली. त्यांतल्या कित्येकांनी बोरांसारखी फळे, गवत, पक्षी खाऊन पाहिले, तरी एकोणीस जणांचे वजन उतरले, दिवसाला सरासरी किलोभर.

कोणी म्हणेल, अस्वल एका घासावर अडून बसले म्हणून फसले. आपला माळढोक तसा नाही. नाकतोडे, हिंगे भुंगेरे, सरडे, बोरे, हरभरा, भुईमूग, जे मिळेल ते खातो. मग तो का गेला? कारण पोट भरणे आणि पिल्लू वाढवणे यांत फरक आहे. पिल्लाला पावसाळ्यात किडे लागतात, आणि किडे गवतात असतात. औषध मारलेल्या बागेत ते कुठून येणार? शिवाय या पक्ष्याला चारी दिशा दिसल्याखेरीज चैन पडत नाही. ऊस उभा राहिला की त्याची नजर अडते. द्राक्षाच्या मांडवात शिरणे त्याच्या जातीला ठाऊक नाही. त्याला समोरचे नीट दिसत नाही, म्हणून उडताना विजेच्या तारांवर आदळतो. त्यात आपण भल्या हेतूने झाडे लावली. नान्नजच्या गवतात ग्लिरिसिडिया लावणे म्हणजे अस्वलाचा बर्फ आपल्याच हाताने फोडण्यासारखे झाले. पुढे ती झाडे काढावी लागली.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते आणि त्यात बहुतेक जमीन खासगी. खरेदी-विक्री अडली, बांधकाम अडले. विहिरीला पाणी लागले तर बाग लावू नये, असे कोणाला कोणत्या तोंडाने सांगायचे? लोकांचा राग पक्ष्यावर निघाला, हे स्वाभाविकच होते. २०१२मध्ये क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. माझ्या मते हे तेहतीस वर्षे उशिरा झाले. आधीच थोडे पण खरे गवत राखले असते, तर दोघांचेही भागले असते.

गेल्या काही वर्षांत नान्नजला एखाददुसरा माळढोक दिसला तर दिसला. साऱ्या देशात दीडशेही उरले नाहीत. त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे, आणि तिथेच २०१९पासून अंडी यंत्रात उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे.

शिक्षकांनी मुलांना नान्नजला न्यायचे असेल, तर पाऊस सरता सरता, गवत पिवळे पडण्याआधी न्यावे. काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगाही दिसेल. आणि आपापल्या गावात म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावे, की कोणत्या माळाला काय नाव होते आणि आज त्यावर काय उभे आहे.